अ‍ॅस्बेस्टॉसच्या पाहणीचा अहवाल : कपाटासाठी की कामगारासाठी?

गेल्या उन्हाळ्यातील एका रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतील एक तरुण नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करतो. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक झाला होता. दारातच त्याने शर्ट काढला. त्याच्या पत्नीने तो दोन्ही हातांनी धरून फटफट झटकला आणि कडेवरच्या लेकरासकट त्या धुळीतून आत गेली. आम्ही विचारले, "काय रे, कुठे होतास आज?"

"जयभीम दादा. एका जुन्या शेडचे पत्रे उतरवले. उतरवले कसले, घणाने फोडूनच खाली टाकले. ठेकेदार म्हणाला, लवकर आटपा."

"कसले पत्रे?"

"सिमेंटचे. दुसरे कसले?"

वाचकहो, आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो तो बहुतेक वेळा नुसत्या सिमेंटचा नसतो. त्यात साधारण दहावा हिस्सा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. अ‍ॅस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे खनिज. ते जळत नाही, गंजत नाही, स्वस्त पडते. म्हणून जगाने ते शंभर वर्षे पत्र्यांत, पाण्याच्या टाक्यांत, सांडपाण्याच्या पाइपांत, वाफेच्या पाइपांच्या वेष्टणात आणि छताच्या बोर्डांत वापरले. पत्रा शाबूत आहे तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. तो फोडला, कापला, त्याला ड्रिल मारले की ते मोकळे होतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन बसतात. त्यातून अ‍ॅस्बेस्टोसिस होतो, फुफ्फुसाचा कर्करोग होतो, आणि मेसोथेलिओमा नावाचा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो. रोग दिसायला वीस ते पन्नास वर्षे लागतात. नवऱ्याचे धुळीचे कपडे धुऊन धुऊन पत्नीला हा रोग झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. म्हणूनच कौटुंबिक पानावर हा विषय घेताना आम्हाला संकोच वाटत नाही.

त्या तरुणाला कुणीतरी आधी सांगायला हवे होते. पण सांगणार कोण? ठेकेदारालाच ठाऊक नव्हते आणि शेडच्या मालकाकडे कसली नोंद नव्हती. इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे, किती आहे, कशा अवस्थेत आहे याची पाहणी करून जो कागद तयार होतो तो पाहणी अहवाल. हा कागद कसा असावा यावर आज लिहावयाचे आहे. कारण नुसता अहवाल असून भागत नाही, हे आम्ही स्वतःच्या टेबलावर पाहिले आहे.

बहात्तर पानांचा अहवाल

आम्ही एका खासगी कंपनीत लेखनिक आहोत. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या परदेशी गिऱ्हाइकाने पत्र धाडले की तुमच्या जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस आहे काय, त्याचा पाहणी अहवाल पाठवा. साहेबांनी एक सल्लागार नेमला. दोन मुले दीड दिवस हिंडली, फोटो काढले, आणि महिन्याभराने सोनेरी अक्षरांचे मुखपृष्ठ असलेला बहात्तर पानांचा अहवाल आला. बिल मंजुरीसाठी तो आमच्याकडे आला म्हणूनच आम्ही तो वाचला. नाहीतर तो सरळ कपाटात गेला असता.

पहिली वीस पाने अ‍ॅस्बेस्टॉसचा इतिहास, सल्लागाराची प्रमाणपत्रे आणि शब्दांचे अर्थ यांत गेली होती. मूळ यादी दोन पानांची. त्यात एक ओळ अशी : "गोदाम, छत, अ‍ॅस्बेस्टॉस आढळले." आमच्याकडे गोदामे तीन. यातले कोणते? छत सगळे की एक बाजू? पत्रे धड आहेत की तडकलेले? काही पत्ता नाही. शिफारशीच्या रकान्यात लिहिले होते, "योग्य ती काळजी घ्यावी." आणि एकसष्टाव्या पानावर बारीक अक्षरांत, "कुलूपबंद खोल्यांची पाहणी करता आली नाही." कोणत्या खोल्या, तेही लिहिलेले नाही.

आठ महिन्यांनी जुन्या दप्तराच्या खोलीत फळ्या ठोकायचे काम निघाले. सुताराने साहेबांना विचारले, "भिंतीत काही भानगड नाही ना?" साहेबांनी अहवालाची यादी पाहिली. त्यात दप्तराच्या खोलीचे नाव नव्हते. "काही नाही, कर सुरू." सुताराने त्या आडभिंतीच्या बोर्डात चाळीसेक भोके पाडली आणि खाली पडलेला भुसा कोरड्या झाडूने लोटून काढला. पुढे दुसऱ्या एका कामासाठी त्याच बोर्डाचा तुकडा प्रयोगशाळेत गेला, तेव्हा त्यात अ‍ॅस्बेस्टॉस निघाले.

ती खोली पाहणीच्या दिवशी कुलूपबंद होती. चावी आमच्याच खणात होती आणि आम्ही त्या दिवशी रजेवर होतो. पाहणी करणाऱ्यांनी चावी मागितली नाही, आणि आम्हीही परत आल्यावर विचारले नाही की बाबांनो, ती खोली पाहिली का? सुतार अजून भेटतो तेव्हा विचारतो, "दादा, मला काही होणार नाही ना?" एका दिवसाच्या धुळीने रोग होतोच असे नाही, धूळ किती आणि किती वेळा घेतली यावर धोका वाढत जातो. हे आम्ही त्याला सांगतो. पण छातीवर हात ठेवून "नाही" म्हणता येत नाही.

न मोजलेला साठा म्हणजे शून्य साठा नव्हे

आम्ही वाणिज्य शाखेचे. मालसाठ्याच्या तपासणीत एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात की जो रॅक मोजला नाही त्यापुढे शून्य लिहायचे नसते, "मोजला नाही" असे लिहायचे. हिशेब तपासनीसाने असे शून्य लिहिले तर त्याची सनद जाईल. मग इमारतीच्या पाहणीत मात्र न पाहिलेली खोली यादीतून गुपचूप गळून कशी पडते?

इंग्लंडमध्ये यावर नियम आहे, आणि तो त्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकला. त्या देशाने अ‍ॅस्बेस्टॉस भरपूर वापरले. आपल्या घाटकोपरलासुद्धा ब्रिटिश मालकीच्या कंपनीचा अ‍ॅस्बेस्टॉसचा कारखाना होता. निळ्या आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसवर त्यांनी १९८५ मध्ये बंदी घातली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. तरी जुन्या इमारतींत ते राहिलेच, आणि मेसोथेलिओमाने तेथे आजही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांत सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन पुष्कळ. ज्यांनी भोके पाडली ते! म्हणून तेथे घरगुती नसलेल्या इमारतीची देखभाल ज्याच्याकडे आहे, त्याने अ‍ॅस्बेस्टॉस शोधून त्याची नोंदवही ठेवली पाहिजे, असा कायदा आहे. सध्याचे नियम २०१२ चे आहेत. पाहणी कशी करावी याचे सरकारी मार्गदर्शक पुस्तक, एच.एस.जी. २६४, हे २०१० मध्ये निघाले.

त्या पुस्तकातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की, जेथे पाहता आले नाही तेथे अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच धरून चालायचे, जोवर ते नाही असा भक्कम पुरावा मिळत नाही. आणि न पाहिलेली प्रत्येक जागा नावानिशी लिहायची : कोणती खोली, कोणता माळा, कोणती बंद नळी, का पाहता आली नाही. एकसष्टाव्या पानावर नव्हे, पुढेच, जेथे नजर पडेल तेथे. "आमची जबाबदारी नाही" छापाची पानेच्या पाने भरणाऱ्या अहवालांवर त्या पुस्तकाचा रोख आहे. कुलूप असेल तर चावी मागायची, उंच असेल तर शिडी आणायची, आणि हे सर्व पाहणीच्या आधी मालकाशी बोलून ठरवायचे. त्यानंतरही राहून गेले तरच "पाहिले नाही" म्हणायचे.

दुसरी गोष्ट पाहणी कोणती हवी ही. तेथे दोन प्रकार मानतात. एक रोजच्या वापरासाठी : लोक इमारतीत राहत-वावरत असताना, किरकोळ दुरुस्तीत जे हाताला लागेल ते शोधायचे. या पाहणीत भिंती फोडत नाहीत. दुसरी तोडकामाच्या किंवा मोठ्या दुरुस्तीच्या आधीची : तो भाग रिकामा करून छत उघडायचे, फरशी उचलायची, भिंतीच्या आत पाहायचे. पहिल्या प्रकारचा अहवाल हातात घेऊन कुणी इमारत पाडायला निघाला, तर तो आंधळ्याच्या काठीने विहिरीत उतरतो आहे असे समजावे. कोणती पाहणी केली हे अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक हवे. आमच्या बहात्तर पानांत ते कुठेच नव्हते.

आता यादीविषयी. चांगली ओळ कशी असते? समजा असे लिहिले आहे : "गोदाम क्रमांक २, पश्चिमेकडील उतार, नालीदार सिमेंट पत्रे, सुमारे १४० चौरस मीटर, तिसऱ्या खांबाजवळ दोन पत्रे तडकलेले, बाकी शाबूत, नमुना क्रमांक ७, पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, फोटो क्रमांक १२." ही ओळ वाचून नवखा माणूससुद्धा त्या जागी जाऊन उभा राहू शकतो. सोबत इमारतीचा नकाशा हवा आणि त्यावर तोच नमुना क्रमांक हवा. रोजकीर्द आणि खतावणी जशी जुळली पाहिजे, तसे यादी, नकाशा, फोटो आणि प्रयोगशाळेचा दाखला हे चारही जुळले पाहिजेत. एक क्रमांक चुकला की दाखला कोणत्या पत्र्याचा हेच कळेनासे होते. मोजमाप नसेल तर ठेकेदार अंदाजाने दर लावतो आणि मग पैसे पुरेनात म्हणून कामगाराकडून घाईने, घणाने काम करून घेतो. त्या रविवारी तेच घडले असणार.

नमुना नुसत्या नजरेने पास होत नाही. सिमेंटचा पत्रा दिसायला सारखाच, पण हल्ली अ‍ॅस्बेस्टॉस नसलेलेही पत्रे मिळतात. खात्री करायची तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवी. नमुना घेणाऱ्याने ती जागा ओली करून छोटा तुकडा घ्यावा आणि भोक बुजवावे. हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. "आम्हीच तोडून नेतो" असे आपल्यातल्या कुणी करू नये. ज्याची तपासणी केली आणि अ‍ॅस्बेस्टॉस निघाले नाही, तेही अहवालात लिहिले पाहिजे, हे फार जण विसरतात. "पहिल्या मजल्यावरचे छताचे बोर्ड, नमुना ३, अ‍ॅस्बेस्टॉस नाही" ही ओळ कामगाराला तितकीच उपयोगाची. नाहीतर तो एकतर सगळ्याला भितो, किंवा कशालाच भीत नाही.

गुण आणि अक्कल

इंग्लंडच्या पद्धतीत प्रत्येक वस्तूला गुण देतात. वस्तू कोणती, तिची मोडतोड किती, पृष्ठभाग झाकलेला आहे की उघडा, आणि अ‍ॅस्बेस्टॉस कोणत्या जातीचे, या चार गोष्टींचे मिळून जास्तीत जास्त बारा गुण. येथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा शाबूत सिमेंट पत्रा घेतला तर त्याला तीन गुण पडतात : वस्तूचा एक, मोडतोडीचा शून्य, पृष्ठभागाचा एक, जातीचा एक. उलट बॉयलरच्या पाइपावरचे तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसचे फाटके, उघडे वेष्टण अकरावर जाते. ज्यांनी गिरणीत वाफेच्या पाइपांजवळ काम केले त्यांना ते लगद्यासारखे, बोटाने उकरले तरी भुगा होणारे वेष्टण आठवत असेल. जुन्या वेष्टणात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते, आणि ते पत्र्याहून कितीतरी अधिक सहज हवेत उडते.

पण गुण म्हणजे सर्व काही नव्हे. तीन गुणांचा पत्रा शाळेच्या पटांगणाकडेला खालच्या उंचीवर असेल आणि पोरे रोज त्यावर चेंडू मारत असतील, तर तो अकरा गुणांच्या पण कुलूपबंद, कुणी न शिरणाऱ्या खोलीतल्या पाइपाइतकाच लक्ष देण्याजोगा ठरतो. तेथे कोण वावरतो, किती वेळा, काम किती वेळा निघते, हे इमारतीत रोज वावरणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून अहवाल लिहिणाऱ्याने शिपायाला, पहारेकऱ्याला, सफाईच्या बाईला विचारले पाहिजे. आमच्या त्या दोन मुलांनी फक्त साहेबांना विचारले. साहेब गोदामात वर्षातून एकदा, पूजेच्या दिवशी, जातात!

शिफारस म्हणजे "सगळे काढून टाका" नव्हे. शाबूत आणि हात न लागणारी वस्तू पुष्कळदा आहे तेथे ठेवणे, रंगाने किंवा आवरणाने बंद करणे, तीवर खूण करणे आणि निदान वर्षातून एकदा पाहणे हेच बरे असते. काढतानाच धूळ सर्वांत जास्त उडते. पण कोणती वस्तू ठेवायची, कोणती बंद करायची, कोणती काढायची, कोणी आणि केव्हापर्यंत, हे ओळीओळीला लिहिलेले हवे. आणि अहवालावर तारीख हवी. पाच वर्षांपूर्वीच्या अहवालातला "शाबूत" पत्रा आज पावसाने आणि माकडांनी शाबूत राहिला आहे का?

आपल्या देशात इंग्लंडसारखी बंदी नाही. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आजही बनतात आणि विकले जातात. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी, अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या बाजूने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने केलेल्या याचिकेवर मोठा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले, आणि अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाने कामगाराची आरोग्य नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी असा आदेश दिला. चाळीस वर्षे! कारण रोगच तेवढा सावकाश येतो. पण हा आदेश कारखान्याच्या हजेरीपटावरच्या कामगाराला उपयोगी पडतो. नाक्यावरच्या माणसाचा हजेरीपट कुठे आहे? तीस वर्षांनी त्याला धाप लागली, तर कोणत्या शेडचे पत्रे फोडले होते हे तो कुणाला दाखवणार? त्याच्यासाठी निदान इमारतीची नोंद तरी हवी.

ज्यांच्या चाळी, सोसायट्या पुनर्विकासात जात आहेत त्यांनी सर्वसाधारण सभेत उठून विचारावे : पाडण्याआधीची पाहणी केली का? मागच्या बाजूच्या जुन्या पाइपांचा, छज्जांच्या पत्र्यांचा, गच्चीवरच्या टाक्यांचा त्यात उल्लेख आहे का? राडारोडा कुठे जाणार? नवा फ्लॅट किती चौरस फुटांचा हे सर्वच विचारतात. हा प्रश्नही इतिवृत्तात लिहून घ्यावा.

आणि ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावर असे पत्रे आहेत त्यांनी घाबरून आज रात्रीच ते उतरवू नयेत. धड पत्र्याखाली झोपल्याने लगेच काही होत नाही. मात्र त्याला भोके पाडू नयेत, तारेच्या ब्रशने शेवाळ घासू नये, फुटके तुकडे अंगणात भराव म्हणून घालू नयेत आणि पोरांना ते खेळायला देऊ नयेत. पावसाळ्याआधी गळती बंद करायला वर चढताना जुना पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो. फळी टाकल्याशिवाय चढू नये.

त्या तरुणाला आम्ही हे सर्व सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मग कामाला नाही म्हणू का, दादा? चूल कशी पेटायची?" याला आमच्याजवळ सोपे उत्तर नव्हते. एवढेच सांगितले की पत्रा फोडू नकोस, बोल्ट सोडून आख्खा उतरव, आधी पाण्याने भिजव. रुमालाने हे तंतू अडत नाहीत, ठेकेदाराकडे योग्य मास्क माग. कपडे तेथेच बदल, डोके धुऊन घरी ये. आणि त्याच्या पत्नीला म्हटले, वहिनी, शर्ट झटकू नका, वेगळ्या बादलीत भिजवून मगच धुवा. तिने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे धूळ मी पण खाल्ली की."

आमच्या कार्यालयात त्या सुताराच्या प्रकरणानंतर दुसरी पाहणी झाली. या वेळी आम्ही रजा घेतली नाही. चाव्यांचा जुडगा घेऊन दोन्ही दिवस बरोबर हिंडलो. अहवाल एकतीस पानांचा आला. त्यातली यादी आम्ही मराठीत आणि हिंदीत एका मोठ्या कागदावर उतरवून फाटकाशी, जेथे ठेकेदाराची माणसे सही करून आत येतात तेथे लावली. खाली एक वेगळा रकाना केला : "पाहिले नाही, आहे असे धरावे." त्यात दोन जागा आहेत. एक जिन्याखालची बुजवलेली पोकळी, दुसरी मागच्या न्हाणीघरामागे भिंतीत गाडलेला सांडपाण्याचा पाइप.

गेल्या महिन्यात एक प्लंबर आला. पहारेकऱ्याने त्याला कागद वाचल्याशिवाय सही करू दिली नाही. थोड्या वेळाने तो करवत पिशवीत घालून आमच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "तो मागचा पाइप कापायचा होता. कापू की नको, ते आधी सांगा." पाइप कापला नाही. तो जागीच बंद करून शेजारून प्लास्टिकचा नवा पाइप टाकला, आणि आम्ही त्या ओळीपुढे तारीख लिहिली.